युद्धाच्या ‘जर-तर’वर वाद कसा घालावा

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात युद्धावर बोलायला माणसं गोळा करावी लागत नाहीत. बेळगावच्या कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून आहे. गल्लीगल्लीत कुणीतरी पलटणीतून पेन्शनवर आलेला असतो, आणि दिवेलागणीला पारावर दोघं टेकले की तिसऱ्या वाक्याला ‘जर’ येतोच. बासष्टला विमानं वापरली असती तर. पासष्टला लढाई आणखी चार दिवस चालली असती तर. आवाज चढतात, कुणीतरी चिडून उठतो, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचं मत जिथल्या तिथं असतं.

मला हा वाद फार प्रिय आहे आणि तो वाया गेलेला बघवत नाही. म्हणून आम्ही काही जणांनी महिन्यातून एका रविवारी गावच्या वाचनालयात बसून तो नीट घालायला सुरुवात केली. एक नकाशा, एक फळा, वाटीभर हरभरे, वाटीभर चिंचोके. चार-पाच वर्षांत जे हाती लागलं ते इथं मांडतोय. निपाणी, चिकोडी, येळ्ळूर, कडोली, कुठंही नऊ-दहा माणसांत हे जमेल.

पहिली पायरी: ‘जर’ला तारीख आणि माणूस द्या

‘जर्मनी जिंकली असती तर’ असला विषय घेऊ नका. तो कुठून सुरू करायचा हेच ठरत नाही, मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं. विषय असा हवा: अमुक तारखेला, अमुक माणसानं, अमुक निर्णय वेगळा घेतला असता तर. आणि तो निर्णय त्या माणसाच्या हातात खरोखर असायला हवा. पाऊस पडला नसता तर, अमका सेनापती आजारी पडला नसता तर, हे नशिबाचे ‘जर’ बोलायला बरे वाटतात, पण त्यातून शिकायला फारसं काही मिळत नाही.

आमचा पहिला जमलेला विषय घरचाच होता. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि वीसहून जास्त माणसं मेली. प्रत्यक्षात भारतीय फौज गोव्यात गेली ती डिसेंबर १९६१ मध्ये. तेव्हा १७ व्या डिव्हिजनची जमवाजमव बेळगावातच झाली होती, सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमानं उडाली होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांनी ट्रकांच्या रांगा डोळ्यांनी पाहिल्यात. प्रश्न असा लिहिला: ‘सप्टेंबर १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी फौज पाठवली असती तर?’ तारीख आहे, माणूस आहे, निर्णय त्याच्या हातातला आहे. बाकी जग त्या दिवशी जसं होतं तसंच ठेवायचं. ‘आणि शिवाय अमेरिकाही आपल्या बाजूनं असती तर’ असा दुसरा ‘जर’ कुणी सरकवला की पंचानं लगेच फळ्यावरून पुसायचा.

माणसं आणि बैठक

चार जण मांडणारे, चार जण अडवणारे, एक पंच. पंच शक्यतो शिक्षक किंवा ग्रामपंचायतीत काम केलेला असावा. त्याला बोलणाऱ्याला थांबवायची सवय असते. एक तरी माजी सैनिक हवाच, आणि एक तरी माणूस असा हवा ज्याला युद्धातलं काही कळत नाही, पण शेती, वाहतूक, दुकानदारी यातलं सगळं कळतं. आमच्यात एक कन्नड मित्र येतात, ते अडवणाऱ्यांत बसतात आणि त्यांच्यामुळे बैठक शिस्तीत राहते. वेळ दोन तास. चहा मध्यंतरातच द्यावा, सुरुवातीला दिला तर अर्धा तास त्यातच जातो.

दुसरी पायरी: आधी जे घडलं ते

पहिली वीस मिनिटं ‘जर’ हा शब्द कुणीही उच्चारायचा नाही. एकानं उभं राहून प्रत्यक्षात काय घडलं ते तारीखवार सांगायचं आणि दुसऱ्यानं फळ्यावर मांडायचं. कंटाळवाणं वाटतं, पण अर्धे वाद इथंच मिटतात, कारण निम्म्या लोकांच्या डोक्यात घडलेलंच वेगळं असतं. गोव्याच्या वेळी एक तरुण ठामपणे म्हणाला की १९५५ मध्ये हंटर आणि कॅनबेरा घेऊन आपण एका दिवसात गोव्याचा दाबोळी विमानतळ बंद केला असता. फळ्यावर तारखा लिहिल्या तेव्हा दिसलं, ही दोन्ही विमानं आपल्या हवाई दलात १९५७ ला आली. १९५५ ला हाताशी होती ती तूफानी आणि व्हँपायर. पोरगं गप्प बसलं नाही, पण पुढच्या बैठकीला वही घेऊन आलं.

तिसरी पायरी: त्या दिवशी कुणाला काय ठाऊक होतं

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपल्याला पुढचं सगळं ठाऊक असतं, निर्णय घेणाऱ्याला नव्हतं. आम्ही पोस्टकार्डाएवढे कागद कापतो. बोलणाऱ्यानं कारण म्हणून जी घटना सांगितली, तिची तारीख कागदावर लिहून नकाशाच्या कडेला ठेवायची. निर्णयाच्या तारखेनंतरची असेल तर कागद उलटा घालायचा. ती निर्णयामागचं कारण म्हणून चालत नाही.

गोव्याच्या वादात अडवणाऱ्यांची तीन मोठी कारणं होती. पोर्तुगालनं दादरा-नगरहवेलीवरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला घातला होता, मग फौज कशी पाठवणार? अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी, म्हणजे डलेसनी, गोव्याला पोर्तुगालचा प्रांत म्हटलं होतं. आणि रशियाचा पाठिंबा अजून उघड झाला नव्हता. कागद मांडले. हेगचा खटला डिसेंबर १९५५ चा. डलेस यांचं निवेदन २ डिसेंबर १९५५ चं. रशियाचे नेते ख्रुश्चेव आणि बुल्गानिन भारतात आले ते नोव्हेंबर-डिसेंबर १९५५ मध्ये. पहिले दोन्ही कागद उलटे पडले, सरळ उरला तो रशियाचा. पण अडवणाऱ्यांनी आणखी एक कागद काढला: पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा सभासद. तो तर कुणाला हलवताच येईना. वाद आता खऱ्या मुद्द्यांवर आला होता.

चौथी पायरी: दोरा लावा, हिशेब करा

आमच्या एका सुभेदार मामांनी ही पायरी आम्हाला दिली. ते कुणाचंही भाषण पाच मिनिटं ऐकून घेतात, मग खिशातून दोऱ्याचं रीळ काढतात आणि नकाशावर रस्त्याच्या वळणांवरून दोरा फिरवतात. मग तो सरळ करून पट्टीवर मोजतात. ‘एवढं अंतर. गाडी ताशी किती? रात्री दिवे न लावता किती? पेट्रोल कुठनं?’ एवढंच विचारतात. बोलणारा अडखळतो आणि मग खरं बोलायला लागतो.

हिशेब साधाच असतो: किती माणसं, रोज किती खाणं, किती अंतर, किती दिवस. लिस्बनहून स्वेजमार्गे गोवा दहा हजार किलोमीटरच्या आसपास. जहाज रोज साडेसहाशे किलोमीटर कापतं असं धरलं तर पंधरा दिवस. म्हणजे पोर्तुगालची कुमक यायच्या आत काम संपवायचं असेल तर मांडणाऱ्यांच्या हातात दोन आठवडे. १९६१ ला साऱ्या कामाला छत्तीस तासांच्या आसपास लागले होते, त्यामुळे मांडणारे खूश झाले.

तेव्हा मागच्या बाकावरचे एक शेतकरी उठले. आयुष्यात त्यांनी युद्धावरचं एक पुस्तक वाचलेलं नाही. म्हणाले, ‘ओ सर, सप्टेंबरात त्या अनमोडच्या घाटातनं गाड्या नेणार कशा, सांगा की. गुडघाभर चिखल असतोय, ओढे भरून वाहतेत. आमची बैलगाडी शिवारात जाईना त्या दिवसांत.’ सगळे गप्प. १९६१ ची मोहीम डिसेंबरात होती. नद्यांवरचे पूल पोर्तुगीजांनी तेव्हाही उडवले होते, पण पाणी उतरलेलं होतं, वाटा कोरड्या होत्या. १९५५ च्या सप्टेंबरात तीच मांडवी, तीच झुआरी दुथडी भरून. आमच्या पावसाचं ज्ञान असलेल्या माणसानं एका वाक्यात सबंध मोहीम तीन महिने पुढं ढकलली. आणि ती डिसेंबरात गेली की मघाशी उलटे घातलेले कागद आपोआप सरळ होतात आणि रशियाचा पाठिंबाही उघड झालेला असतो: हेग, डलेस, ख्रुश्चेव, सगळे एकाच वेळी पटावर. आमचा ‘जर’ सप्टेंबर सोडून डिसेंबर १९५५ वर जाऊन बसला.

नीट हिशेब केला की ‘जर’ आपली जागा स्वतः शोधतो. कधी पुढं सरकतो, कधी मागं. तो नेमका कुठं जाऊन थांबतो, हे शोधण्यासाठीच मी या बैठकांना जातो.

मागं सरकलेला ‘जर’ आम्हाला कुतच्या वेढ्यात सापडला. पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा इथं ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत इंग्रजांच्या फौजेतलं जनरल टाउन्शेंडचं सहावं पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात उपाशी अडकलं होतं. त्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. म्हणजे आपलीच माणसं. शेवटच्या आठवड्यात, २४ एप्रिलच्या रात्री, ‘ज्युलनार’ नावाची आगबोट सुमारे २७० टन रसद घेऊन वेढ्यातून घुसायला निघाली आणि कुतच्या अलीकडेच तुर्कांच्या हाती पडली. प्रश्न ठरला: ज्युलनार पोहोचली असती तर?

फळ्यावर आकडे मांडले. शरण आलेले सुमारे १३,०००. २७० टन भागिले १३,००० म्हणजे माणशी वीस किलोच्या वर. रोज अर्धा किलो दिलं तर चाळीस दिवस. शहरातल्या रहिवाशांनाही पोसायचं तर फार तर महिना. म्हणजे वेढा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीपर्यंत ताणला असता. पुढं? सोडवायला निघालेली फौज जानेवारीपासून एप्रिलपर्यंत लढून सुमारे २३,००० माणसं गमावून बसली होती. इंग्रजांनी कुत परत घेतलं ते फेब्रुवारी १९१७ मध्ये. मेसोपोटेमियाच्या उन्हाळ्यात चाळीस दिवसांची भाकरी फेब्रुवारीपर्यंत पुरत नाही.

कुणीतरी विचारलं, विमानातून पोती टाकली होती ना? होय, टाकली होती. लढाईत वेढलेल्या फौजेला हवेतून रसद द्यायचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न. पण माणशी पाव किलो धरलं तरी रोज सव्वातीन टन लागतात, आणि त्या काळचं विमान एका फेरीत शंभर किलोच्या आसपास नेणार. रोज बत्तीस-तेहतीस फेऱ्या. तेवढी विमानं तिथं नव्हती.

मग ‘जर’ मागं सरकत गेला. एप्रिल १९१६ वरून जानेवारी, जानेवारीवरून नोव्हेंबर, आणि ऑक्टोबर १९१५ वर येऊन थांबला. सप्टेंबरअखेर कुत हाती आलं होतं. तिथंच थांबायचं की अपुऱ्या बोटी आणि अपुरी कुमक घेऊन बगदादवर जायचं, हा निर्णय ऑक्टोबरात झाला. तो तिथल्या मोहिमेचा सेनापती जनरल निक्सन आणि लंडनचं मंत्रिमंडळ यांच्या हातात होता. वेढ्यातल्या माणसाच्या हातात काही नव्हतं.

पाचवी पायरी: हत्यार एकटं येत नाही

तरुणांना हत्यारांचे ‘जर’ आवडतात आणि ते आवडावेतही. नियम एकच: हत्यार पुढं आणलं की त्याच्यामागचा सगळा गोतावळाही आणायचा. चालवणारे, दुरुस्त करणारे, सुटे भाग, इंधन, धातू.

जर्मनीचं मेसरश्मिट २६२ हे जेट विमान याला उत्तम. जेट इंजिनांवर ते जुलै १९४२ मध्येच उडालं होतं, लढाईत उतरलं १९४४ ला. हिटलरनं त्याचं बॉम्बर करायचा हट्ट धरला नसता तर आकाश जर्मनीचंच होतं, असं नेहमी सांगतात. आमच्यात ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक जण आहेत. त्यांनी विचारलं, ‘इंजिन किती तास चालायचं?’ दहा ते पंचवीस तास. मग उतरवून दुसरं. उष्णता सोसणारे निकेल आणि क्रोमियमसारखे धातू जर्मनीकडे अपुरे होते, म्हणून पाती टिकत नसत. ते म्हणाले, ‘मग हट्ट सोडून काय उपयोग? फिटर किती, इंजिनं किती ते सांगा.’ त्यात १९४४ च्या मेपासून जर्मनीच्या तेल कारखान्यांवर बॉम्ब पडायला लागले होते. ‘जर’ हिटलरच्या हट्टावरून धातूच्या कोठारावर गेला.

रडारचंही तसंच. १९४० मध्ये जर्मनांचं फ्राया रडार तांत्रिकदृष्ट्या इंग्रजांच्या किनाऱ्यावरच्या मनोऱ्यांपेक्षा सरस होतं. इंग्रजांचं बळ मनोऱ्यांमागच्या टेलिफोनच्या तारांत, नकाशाच्या टेबलावर ठोकळे सरकवणाऱ्या मुलींत आणि तिथून विमानाच्या तळापर्यंत मिनिटांत पोहोचणाऱ्या निरोपात होतं. ‘जर्मनीकडं रडार असतं तर’ हा प्रश्न म्हणूनच फुसका ठरतो. ते होतंच.

सहावी पायरी: चिंचोकेही चाल करतात

नकाशावर आपले हरभरे, समोरच्याचे चिंचोके. नवशिके हरभरे पुढं पुढं सरकवत राहतात आणि चिंचोके जिथल्या तिथं. प्रत्येक चालीनंतर पंचानं अडवणाऱ्यांना विचारायचं: आता समोरचा काय करील? गोव्यात १९६१ ला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम शेवटपर्यंत लढण्याचा होता, पण गव्हर्नर व्हासालो इ सिल्व्हा यांनी माणसं मरू नयेत म्हणून १९ डिसेंबरला शरणागती दिली. १९५५ ला तिथं गव्हर्नर वेगळा होता. तोही असंच करील हे कशावरून? शिवाय १९६१ ला पोर्तुगाल अंगोलाच्या लढाईत गुंतला होता. १९५५ ला अंगोला शांत होतं, आणि इजिप्तनं स्वेज कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं ते पुढच्या वर्षी. चिंचोक्यांना वाटा मोकळ्या होत्या.

किती लांब जायचं? तीन कड्या, बस्स. पहिल्या परिणामाला ‘नक्की’ म्हणता आलं पाहिजे, दुसऱ्याला ‘बहुतेक’, तिसऱ्याला ‘कदाचित’. हे तीन शब्द तोंडानं उच्चारायचा आग्रह धरा. गोवा १९५५ ला घेतला असता तर बासष्ट झालंच नसतं, असं कुणी म्हणालं की त्याला मधल्या कड्या मोजायला लावा.

बोलण्याची रीत

कुतच्या पहिल्या बैठकीत कॉलेजातला एक मुलगा बोलून गेला, ‘एवढे हजार जण शरण गेले, म्हणजे लढायची इच्छाच नव्हती.’ कुणी काही बोललं नाही. पुढच्या महिन्यात शेजारच्या गावातले एक गृहस्थ आले आणि त्यांनी पंच्यातून काढून नकाशाच्या बाजूला ब्राँझची एक तबकडी ठेवली. तळहाताएवढी, बारा सेंटीमीटरची. पहिल्या महायुद्धात मेलेल्या शिपायाच्या घरी सरकार ती पाठवत असे. तिच्यावर सिंह आहे, हातात त्रिशूळ घेतलेली बाई आहे, आणि नाव. हुद्दा नाही, तो कुणाच्याच तबकडीवर घालत नसत. त्यांच्या पणजीनं ती देवी समजून देव्हाऱ्यात ठेवली होती. शंभर वर्षांच्या हळदी-कुंकवानं त्या बाईचा चेहरा झिजून गुळगुळीत झालेला, अक्षरांच्या खोबणीत कुंकू बसलेलं. त्यांचा पणजोबा कुतला शरण आला आणि कैदेत मेला. त्या कैदेत आपली हजारो माणसं मेली. मुलानं तबकडी हातात घेतली, बराच वेळ ती फिरवून बघत राहिला आणि मग तिला कपाळ लावलं.

तेव्हापासून आमचा नियम आहे: ज्याच्या हातात निर्णय होता त्याला कितीही धारेवर धरा. खंदकात उभ्या असलेल्याच्या धैर्यावर प्रश्न घ्यायचा नाही. बासष्टला थ्री-नॉट-थ्री रायफल आणि सुती कपड्यांनिशी बर्फात उभ्या राहिलेल्या माणसालाही तो लागू आहे, आणि समोरच्या बाजूच्या शिपायालाही.

निकाल आणि वही

हार-जीत लावू नका. शेवटी पंचानं वहीत तीनच ओळी लिहायच्या: प्रश्न कुठल्या तारखेला सुरू झाला, हिशेबानंतर कुठल्या तारखेला जाऊन थांबला, आणि कुठला आकडा सापडायचा राहिला. तो आकडा शोधायचं काम एकाला नेमून द्यायचं.

पहिल्याच बैठकीला विषय हवा असेल तर बांगलादेशातलं टांगाईल घ्या. ११ डिसेंबर १९७१ ला दुसरी पॅरा बटालियन टांगाईलजवळ विमानातून छत्र्यांनी उतरली आणि लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल तिनं ताब्यात घेतला, म्हणजे उत्तरेकडून माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची ढाक्याची वाट बंद. ही बटालियन मूळची तिसरी मराठा. वर जमालपूरला लढली ती पहिली मराठा, जंगी पलटण. दोन्हीकडे आपली माणसं, त्यामुळे तुमच्या गावात नाहीतर शेजारच्या गावात कुणीतरी त्या दिवसांतलं भेटेल. त्यांना आधी जाऊन भेटा, हातानं आमंत्रण द्या. प्रश्न असा लिहा: पूल एक दिवस उशिरा हाती आला असता तर? मग बांगलादेशाचा मोठा नकाशा पसरा आणि जमालपूर ते पुंगली दोरा लावून सुरुवात करा.